मांडवात आईची जागा कोण ठरवणार?

लातूर जिल्ह्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा सारांश इथं देते.

ताई थोरल्या. लग्न झालेलं, नोकरी पुण्यात. वडील 2021 च्या दुसऱ्या लाटेत गेले. घरात भाऊ नाही. आई आणि धाकटी बहीण गावी राहतात. चार एकर कोरडवाहू शेती आई एकटीच पाहते. सोयाबीन-तुरीच्या पेरणीला पहिली मूठ तीच धरते, येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतातल्या कोपीत (कडब्याच्या खोपटात) पूजाही तीच मांडते. धाकटीचं लग्न वैशाखात धरलं आहे. सुपारीच्या बैठकीत चुलते म्हणाले, "कन्यादान आम्ही जोडीनं करू." चुलतीनं पुढं जोडलं की हळदीला आणि देवकाला आईनं समोर येऊ नये, आतून बघावं. आईनं लगेच मान डोलावली. ती म्हणते, "माझ्यामुळं लेकराच्या संसाराला काही व्हायला नको. तुम्ही करा सगळं, मी आत बसते." धाकटी म्हणते, "ताई, माझ्या लग्नात भांडणं नकोत." नवरदेवाकडच्यांनी यावर काही मत दिलेलं नाही.

ताई लिहितात, "सगळे म्हणतात, आपली संस्कृतीच अशी आहे. मी हट्ट धरला की आईच रडते. गप्प बसले तर मला माझीच लाज वाटेल. आई मांडवात नसेल तर मीही येणार नाही, असं घरी सांगून बसलेय. काय करू?"

---

ताई,

तुमच्या पत्रात एक गोष्ट ओझरती येऊन जाते. बाबा गेले तेव्हा गावाकडून कुणी येऊ शकलं नाही, आणि लातूरच्या स्मशानात किट घालून अग्नी तुम्हीच दिला. दहाव्याला भावकी जमली नाही. बांगड्या फोडायला बायका आल्या नाहीत. आईनं त्या स्वतःच काढून ट्रंकेत ठेवल्या. हे तुम्ही दोन ओळींत लिहून पुढं गेलात, पण मला तुमच्या प्रश्नाची अर्धी उकल तिथंच दिसते. लेकीनं अग्नी द्यायचा, हे एरवी तुमच्या भावकीनं सहज मान्य केलं असतं का? त्या वर्षी केलं. एवढ्या रीती एका फटक्यात बाजूला ठेवाव्या लागल्या, आणि पोरीनं अग्नी दिला म्हणून आमच्या माणसाला गती मिळाली नाही, असं म्हणत नंतर कुणी तुमच्या दारात आलं नाही. मग त्याच घरात, त्याच माणसांना आता रीत इतकी कडक का वाटते?

हा प्रश्न चुलत्यांच्या तोंडावर मारायला मी तुमच्या हातात देत नाही. त्याचं उत्तर समजून घेतलंत तर पुढचं सोपं जाईल. दुःखात गमावण्यासारखं काही उरलेलं नसतं, म्हणून माणूस रीत सोडू शकतो. लग्न ठरलेलं असतं तेव्हा सगळं नीट चाललेलं असतं आणि ते बिघडेल याची धास्ती असते. तुमच्या चुलतीचं बोलणं मला दुष्टाव्यापेक्षा धास्तीचं जास्त वाटतं. बोलणं कठोर आहे, आईला लागणारं आहे, यात शंका नाही. पण दुष्टाव्याला उत्तर भांडणानं देता येतं, धास्तीला येत नाही. तुम्ही जितकं भांडाल तितकी ती वाढेल. "बघा, लग्नाआधीच अपशकुन सुरू झाले," हे वाक्य कुणाच्या तरी तोंडून येईल, आणि त्याचा भार परत आईवरच पडेल.

आता 'आपली संस्कृतीच अशी' याबद्दल. हे वाक्य ऐकलं की तुम्ही मनातून हरता, असं पत्रावरून जाणवलं. आपण संस्कृतीच्या विरुद्ध उभ्या आहोत, असं तुम्ही धरून चालला आहात. मला ते पटत नाही.

तुम्ही लातूरच्या आहात. तुमच्या गावात लिंगायतांची घरं नक्की असतील. ज्या बसवण्णांना ती घरं मानतात त्यांनी बाराव्या शतकात विटाळ आणि सुतक या कल्पनाच नाकारल्या. बाईच्या गळ्यातलं इष्टलिंग, म्हणजे अंगावर बाळगायचं छोटं शिवलिंग, नवरा गेला म्हणून उतरत नाही. आज त्यांच्यातल्या अनेक घरांतही विधवेचं कुंकू जातं, हे खरं आहे. विचार एकीकडं राहतो आणि शेजारपाजारचं बघून रीत दुसरीकडं जाते, असं सगळ्यांचंच होतं. पण तो विचार आपल्याच मातीत आठशे वर्षं मुरलेला आहे. तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या चक्रधरांच्या शिष्या महदंबा होऊन गेल्या. मराठीतल्या आद्य कवयित्री म्हणून आपण त्यांचं नाव घेतो. त्या बालविधवा होत्या. आणि त्यांची सगळ्यात गाजलेली रचना कोणती, तर धवळे. म्हणजे लग्नात म्हणायची गाणी, तीही रुक्मिणीच्या लग्नाची. मराठी कवितेतला बाईचा पहिला मोठा आवाज एका विधवेचा आहे आणि तो लग्नघरात गातो आहे. यापेक्षा जुनं आणि यापेक्षा आपलं आणखी काय दाखवायचं?

तुमच्या पणजीच्या काळाकडं बघा. मराठा-कुणबी, माळी, धनगर अशा कितीतरी शेतकरी, कष्टकरी जातींत विधवेचा पाट, म्हणजे पुनर्विवाह, लागायचा. कुणी त्याला मोहतूर म्हणायचे. पहिल्या लग्नाएवढा त्याला मान नव्हता. विधी बहुतेक रात्रीच्या अंधारात, गाजावाजा न करता उरकायचे, हे काही चांगलं नव्हतं. पण बाई पुन्हा संसाराला लागायची. पुनर्विवाह अजिबात नाही, बाईनं कोपऱ्यात आयुष्य काढायचं, हा दंडक उच्चवर्णीय आणि खानदानी म्हणवणाऱ्या घरांचा होता. पुढं इतर घरांत चार पैसे आले, प्रतिष्ठा आली, आणि 'आपल्यात पाट लावत नाहीत' हे मोठेपणाचं लक्षण झालं. ज्याला आज आपण पिढ्यान्‌पिढ्यांची रीत म्हणतो, ती पुष्कळ घरांत दोन-तीन पिढ्यांपूर्वी वरच्यांचं बघून उचललेली आहे. तुमच्या घरात नेमकं काय होतं, ते गावातल्या ऐंशीच्या पुढच्या एखाद्या आजीला विचारा. वाद घालायला नको, नुसतं ऐकायला बसा. आईला सोबत नेलंत तर फारच छान.

आणि कन्यादान? याज्ञवल्क्य स्मृतीत मुलीचं दान कुणी करावं याचा क्रम दिला आहे: वडील, आजोबा, भाऊ, कुळातला पुरुष, आणि मग आई. आधीचा कुणी हयात नसेल तर पुढच्यानं करायचं. या क्रमात चुलते आईच्या आधी येतात, हे मी लपवणार नाही. पण नीट पाहा, आईचा नंबर लागतो तोच मुळी वडील नसताना. म्हणजे त्या यादीतली आई विधवाच आहे, आणि तिच्या हातचं दान शास्त्राला चालतं. 'विधवेच्या हातानं अशुभ' असं म्हणणाऱ्यांना हे एवढं शांतपणे सांगता येईल. कायद्याचं म्हणाल तर हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 7 नुसार दोहोंपैकी एका पक्षाच्या रूढीप्रमाणं विधी व्हावे लागतात. सप्तपदी त्या विधीत असेल तर सातव्या पावलाला लग्न पूर्ण होतं. कन्यादानाची अट तिथं कुठंही नाही.

एवढं सगळं सांगितलं ते तुमच्या मनातली अपराधी भावना जावी म्हणून. ही माहिती घेऊन बैठकीत भाषण करू नका. माझ्याकडं येणाऱ्या पत्रांतून एक दिसतं, की दाखले देऊन घरातली माणसं क्वचितच बदलतात. ती बदलतात त्यांच्या विश्वासातल्या माणसाच्या एका शब्दानं. त्याच्याकडं येतेच, पण आधी आईबद्दल बोलू.

तुम्ही लिहिता की आईचाच नकार आहे, मग मी लढू कुणासाठी? ताई, त्या नकाराच्या आत काय आहे हे तुम्ही अजून तिला विचारलेलं दिसत नाही. "आई, तू हळदीला यायचंच," असं तुम्ही सांगितलं, ती रडली, तुम्ही चिडलात, विषय संपला. तिच्या वाक्याकडं परत बघा. "माझ्यामुळं लेकराच्या संसाराला काही व्हायला नको." ही बाई दरवर्षी मृगात चाड्यावर मूठ धरते. येळवशीला पांडव मांडते, लक्ष्मीला नैवेद्य दाखवते. आपल्या हाताला खरोखर अपशकुन चिकटला आहे असं तिला मनापासून वाटत असतं, तर चार एकरांचं वर्षाचं पीक तिनं त्या हातावर सोडलं नसतं. शेतात तिला स्वतःच्या हाताची भीती वाटत नाही, मांडवात वाटते. कारण पीक गेलं तर लोक पावसाला बोल लावतात. लेकीच्या संसारात काही कमी-जास्त झालं तर बोल कुणाला लागेल? आज तिनं हळद लावली आणि दोन वर्षांनी जावयाचा अपघात झाला, किंवा मूल लवकर झालं नाही, तर "तरी आम्ही म्हणत होतो" हे तिला जन्मभर ऐकावं लागेल. तुम्हाला नाही, तुम्ही पुण्यात असाल. माझ्या मते तिचा नकार बराचसा या दोषाच्या भीतीचा आहे. आणि ही भीती अगदी व्यवहारी आहे, तिला अडाणीपणा म्हणू नका.

हे खरं की नाही, ते एका प्रश्नानं कळेल. दोघीच असताना, रात्रीची भांडी आवरून झाली की विचारा: "आई, समजा विहीणबाईंनीच तुझा हात धरून तुला हळदीला बसवलं, तर?" आणि मग थांबा. उत्तर देऊ नका, पुढं समजावू नका. "त्या कशाला बसवतील?" असं ती म्हणाली, तर समजा की तिच्या मनात इच्छा आहे, आणि अडसर फक्त परवानगीचा आहे.

पण ती असंही म्हणू शकते की नको गं, मला तिथं उभंच राहवणार नाही. तो नकार वेगळा. बाबांशिवाय लेकीच्या मांडवात उभं राहणं तिला सोसणार नसेल, चारशे माणसांच्या नजरा नको असतील. तसं असेल तर तिला ओढू नका. जिचं आयुष्य आजवर इतरांनी ठरवलं, तिच्यावर आणखी एक निर्णय लेकीनं लादला, एवढंच होईल. आणि तिची खरोखरची श्रद्धाच असेल, की सवाष्णीनंच हळद लावावी, तर त्याही श्रद्धेचा मान ठेवावा लागेल. मला ती श्रद्धा पटत नाही, तुम्हालाही पटत नाही. पण हात तिचा आहे. मात्र तेव्हाही "मग ती आत बसेल" असं आपोआप ठरू देऊ नका. अक्षता टाकायला ती समोर असेल, वऱ्हाडाचं स्वागत ती करेल, जेवणावळीत विहिणीच्या शेजारी ती बसेल. हळदीला हात न लावणं आणि खोलीत कोंडून घेणं यात पुष्कळ अंतर आहे. आपल्याकडं ते दोन्ही एकच धरलं जातं.

समजा, इच्छा आहे असं दिसलं. मग ती परवानगी कुणी द्यायची? तुम्ही देऊन उपयोग नाही, कारण दोष देणाऱ्यांत तुम्ही नाही. ज्यांच्या तोंडून पुढं बोल येईल अशी तिला भीती आहे, त्यांच्याच तोंडून आधी 'या' असं यायला हवं. तशी माणसं दोनच: नवरदेवाची आई आणि तुमची चुलती. नवरदेवाकडचे काही बोलले नाहीत, हे तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलं आहे. मला ती चांगली खूण वाटते. विरोध असता तर बैठकीतच बोलले असते. बहुधा हा त्यांना मुलीकडचा अंतर्गत मामला वाटत असेल.

त्यांच्याशी बोलण्याचं काम धाकटीचं आहे. तुम्हाला हे रुचणार नाही. सगळं आपणच करायचं, अशी थोरल्या लेकींना सवय असते, आणि बाबा गेल्यापासून तुम्ही ते केलंही आहे. पण लग्न तिचं आहे, त्या घरात जाऊन नांदायचं तिला आहे. शिवाय 'भांडण नको' हे तिचं म्हणणं तुम्ही 'आई नको' असं ऐकलं आहे. मला दोन्ही एक वाटत नाहीत. तिला भांडायला सांगू नका, एक इच्छा बोलून दाखवायला सांगा. होणाऱ्या नवऱ्याला तिनं एवढंच म्हणावं: "मला पहिली हळद आईच्या हातची लागावी असं वाटतं. तुझ्या आईला चालेल का, विचारशील?" ठरलेल्या मुलीची लग्नाआधीची ही एक मागणी कुठलं घर नाकारेल? नाकारलंच, तर ते घर कसं आहे हेही धाकटीला वेळेत कळेल, आणि तेही कळायला हवंच.

चुलतीकडं मात्र तुम्ही जा, आणि एकट्या जा. आधी चुलत्यांचं श्रेय द्या. चार-पाच वर्षं ते उभे राहिले आहेत, स्थळ बघण्यापासून बैठकीपर्यंत धावले आहेत. "कन्यादान आम्ही करू" हे वाक्य तुम्हाला आईची जागा हिसकावणारं वाटलं. त्यांना ते भावाचं राहिलेलं काम पूर्ण करणारं वाटत असेल. म्हणून माझा कौल विचाराल तर कन्यादान चुलत्यांना करू द्या आणि हळद आईसाठी धरून ठेवा. कन्यादानात मुलगी ही द्यायची वस्तू होते. त्या विधीसाठी आईला भांडून पुढं बसवण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. हळद ही आईच्या बोटांची गोष्ट आहे. लहानपणी जिनं न्हाऊमाखू घातलं तिनंच शेवटचं माखायचं. आईला मात्र कन्यादानच महत्त्वाचं वाटत असेल, तर माझं मत बाजूला ठेवा. पाटावर ती आणि चुलता-चुलती असे तिघं बसू शकतात, संकल्पात तिचं नाव येऊ शकतं. त्यासाठी लग्न लावणाऱ्या गुरुजींना आठ-दहा दिवस आधी भेटून स्पष्ट विचारा. हो म्हणणारे गुरुजी आता लातुरात आणि तालुक्याच्या गावांतही मिळतात. ऐनवेळी मांडवात विचारलंत तर चार माणसांच्या देखत ते नाहीच म्हणतील.

चुलती लगेच तयार होणार नाही, हे धरून चला. तिला एकदम हळदीवर आणू नका. लग्नाआधी गडंगनेरं, म्हणजे केळवणं, होतील. पहिलं आपल्या घरातच करा आणि धाकटीला ओवाळायला आईच्या हातात ताम्हण द्या. बस्ता बांधायला आई पुढं असू द्या. शालू तिनं पसंत केलेला असू द्या. देवापुढं पहिली पत्रिका तिनं ठेवावी. अशा चार गोष्टी झाल्या आणि आकाश कोसळलं नाही, की पाचवीला लोक कमी दचकतात. आईसुद्धा कमी दचकते, आणि ते जास्त महत्त्वाचं.

पत्रिकेचं मी वेगळं सांगते, कारण तिच्याकडं कुणी पुरेसं लक्ष देत नाही. आपल्याकडच्या पत्रिकेत आजोबांपासून चुलत भावाच्या बाळापर्यंत सगळे छापले जातात. वडिलांच्या नावामागं 'स्व.' लागतं, आणि आई कुठंतरी गळते, नाहीतर खालच्या ओळीत जाते. निमंत्रक म्हणून पहिलं नाव आईचं घाला, त्याखाली चुलता-चुलती. पत्रिका घरोघरी जाते, सोयऱ्यांत फिरते. आमंत्रण देणारी बाई मांडवात असणारच, हे पंधरा दिवस आधी सगळ्यांच्या डोळ्यांखालून गेलेलं असतं. मग त्या दिवशी कुणी नाक मुरडलं तरी तो विषय नवा राहत नाही.

एक गोष्ट कृपा करून करू नका. भर हळदीत आईला हात धरून अचानक पुढं आणणं, तिच्या कपाळाला सगळ्यांसमोर कुंकू लावणं, हातात हिरवा चुडा भरणं. अशा चित्रफिती हल्ली मोबाइलवर फिरतात, बघणाऱ्यांचे डोळे भरून येतात. पण त्या बाईला आधी विचारलं होतं का, हे त्यात दिसत नाही. ट्रंकेतल्या बांगड्या पुन्हा घालायच्या का, गजरा माळायचा का, साडी कुठल्या रंगाची, हे तिला आधी, घरात, पुरेसा वेळ देऊन विचारा. ती नाही म्हणाली आणि लग्नाच्या सकाळी तिनं स्वतःहून बांगड्या काढल्या, तर काही न बोलता मदत करा.

तुम्ही ग्रामसभेच्या ठरावाबद्दल विचारलं आहे. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला: कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्याच्या 17 तारखेला राज्याच्या ग्रामविकास विभागानं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनी हेरवाडचा कित्ता गिरवावा असं आवाहन केलं. ते आवाहन आहे, मोडलं तर शिक्षा होईल असा कायदा नव्हे. तुमच्या गावानं असा ठराव करावा, असं मला मनापासून वाटतं. आपल्या मराठवाड्यात नापिकी आणि कर्जापायी ऐन तिशीत नवरा गमावलेल्या बायका गावोगाव आहेत, कोरोनानं त्यात आणखी भर घातली. त्या वाणाला, बारशाला, डोहाळजेवणाला दारातून परत फिरतात किंवा बोलावल्याच जात नाहीत. पण ठराव लग्नाच्या तोंडावर मांडू नका. तो तुमच्या आईच्या नावानं ओळखला जाईल, आणि तिला नेमकं तेच नको आहे. पावसाळ्यानंतर सवडीनं, गावातल्या इतर एकल बायकांना सोबत घेऊन मांडा.

आता एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही. पत्रात आहे की शेताची कागदपत्रं चुलत्यांकडं असतात. सातबाऱ्यावर आईचं नाव लागलं आहे का? चुलत्यांच्या हेतूबद्दल मी काहीही सुचवत नाही. पण आईचा मान कुंकवात शोधताना आपण सातबारा बघायचा विसरतो, असं मी अनेक पत्रांत पाहते. हिंदू वारसा कायदा, 1956 प्रमाणं मृत्युपत्र नसेल तर विधवा, मुलगे, मुली आणि मयताची आई हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस. म्हणजे तुमची आई, तुम्ही, धाकटी, आणि आजी बाबांच्या पश्चात हयात असेल तर तीही. जमीन वडिलोपार्जित असो की बाबांनी घेतलेली, आईचा हक्क सुटत नाही. वारस नोंद झाली नसेल तर बाबांचा मृत्यू दाखला आणि वारसांची माहिती घेऊन तलाठ्याकडं अर्ज करायचा, वारस फेरफार मंजूर झाला की नावं चढतात. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावण्यासाठी 2025 च्या एप्रिलपासून राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीमही झाली, तेव्हा कदाचित नाव लागलंही असेल. मोबाइलवर उतारा काढून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. आणि लग्नाच्या गडबडीत धाकटीकडून किंवा तुमच्याकडून हक्कसोड लिहून घ्यायचा विषय निघाला, तर तेवढ्यापुरतं एकच सांगा: लग्न झाल्यावर बसून बोलू. सही करायची की नाही ते पुढं ठरवा, घाईत करू नका.

मुद्दा असा, की ज्या बाईचं नाव उताऱ्यावर आहे, जिच्या खात्यावर सोयाबीनची पट्टी जमा होते, तिला 'आत बस' म्हणताना माणसं दोनदा विचार करतात. उलटही खरं: हळदीला पुढं बसवलं आणि शेतातून नाव गळालं, तर आपण तिला काहीच दिलं नाही.

हे वाचणाऱ्या मुलग्यांनाही सांगते, कारण अशी पत्रं मला जवळपास सगळी लेकींचीच येतात. तुमच्या लग्नात तुमची विधवा आई वरमाय म्हणून मिरवणार की भांडाराच्या खोलीत किल्ल्या सांभाळत बसणार, हे ठरवायला तुम्हाला कुणाची परवानगी लागत नाही. नवरदेवानं बैठकीत एकदा म्हटलं, "माझी आई सगळीकडं असेल," की विषय संपतो. लेकीला जे महिनाभर मिनतवाऱ्या करून मिळवावं लागतं, ते तुम्हाला एका वाक्यात मिळतं. ते वाक्य बोला.

ताई, राहिली तुमची धमकी. 'आई मांडवात नसेल तर मीही येणार नाही.' ती आजच मागं घ्या, आणि धाकटीला स्वतः फोन करून सांगा की मी येणार आहे, काहीही ठरलं तरी. तुम्ही नसाल तर त्या दिवशी आईच्या बाजूला कोण असेल? समजा सगळे प्रयत्न फसले आणि ती आत बसली, तर तुम्हीही हळदीतून उठून तिच्यापाशी जाऊन बसू शकता, धाकटीला हळद लागल्यावर आईकडं आणू शकता. पण त्यासाठी तिथं असावं लागेल.

वेळ थोडा आहे, म्हणून क्रम लक्षात ठेवा. आईशी बोलणं या सुट्टीत गावी जाऊन, फोनवर नको. ती तयार दिसली तर लगेच धाकटीशी, मग चुलतीशी. पत्रिका छापायला जाण्याआधी तिचा मसुदा चुलत्यांना स्वतः दाखवा. आईचं नाव वर का घातलं, हे त्यांना दुसऱ्याकडून कळू देऊ नका.